कौलारू छपराची तपासणी आणि दुरुस्ती, दापोली किनारा, एप्रिल ते जुलै २०२५ : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

घर दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, समुद्र अगदी जवळ. चिऱ्याच्या भिंती, ऐनाचे वासे, वर मंगलोरी कौलं. पुढे-मागे पडवी, मधे ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि माजघरावर माळा. आई इथेच असते, मी डोंबिवलीहून शनिवार-रविवार धरून येते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात पुढच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावरची, निम्मी कौलं गेली, आढ्यावरचे कोने (माथ्यावर पालथी बसवतात ती कौलं) अंगणात येऊन फुटले. त्यावेळी सगळ्या पट्ट्याचीच ती गत होती, कौलं मिळेनात, माणसं मिळेनात, लाइट कित्येक दिवस नाही, आणि पाऊस डोक्यावर, त्यामुळे जो ठेकेदार आधी मिळाला त्याच्याकडून छप्पर घालून घेतलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा कौल हललं नाही, माजघरात त्यानंतर थेंब नाही, म्हणून घरात सगळे निर्धास्त होते. आता तपासणी काढली कारण आई म्हणाली माळ्यावर कुबट वास येतो आणि तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर रोज बारीक पिवळट भुसा पडलेला असतो.

आज फक्त बघायचं काम. आधी बाहेरून, अंगणाच्या टोकाला उभं राहून मोबाइल झूम करून फोटो. आढ्याची ओळ सरळ आहे का हे नुसत्या डोळ्याने कळत नाही, फोटोवर एक सरळ रेघ मारली की लगेच कळतं. माजघराच्या वर आढं बरोबर आहे पण त्याच्या खालचं पाखं मधे दबलंय, दोन-अडीच इंच तरी.

मग दुपारी बारा-साडेबाराला सगळी दारं-खिडक्या लावून, लाइट बंद करून आत उभं राहायचं. कौलारू घराची सगळ्यात चांगली तपासणी हीच आणि फुकट. पडवीत आणि स्वयंपाकघरात उजेडाचे ठिपके दिसले, बारीक फटी सगळीकडे असतातच, त्या काळजीच्या नाहीत, पण जिथे उजेडाचा कवडसा जमिनीपर्यंत पोचतो तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय असं धरायचं. माळ्यावर गेले तर तिथे मिट्ट काळोख, एकही ठिपका नाही. आईला वाटलं चला, इथलं तर पक्कं आहे. पण कौलांच्या छपराखाली दुपारी बाराला एकही ठिपका नसणं हेच विचित्र आहे. कारण काय तर २०२० च्या कामात वाशांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलाय, त्यावर रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) आणि त्यावर कौलं. म्हणजे आतून रिपा दिसत नाहीत, कौलं दिसत नाहीत, काहीच दिसत नाही.

१३ एप्रिल, रविवार

वाशांना खडूने नंबर घातले, पूर्वेकडून १ पासून. कौलांच्या ओळी वळचणीकडून वर मोजायच्या. म्हणजे "वासा ७, ओळ ४" असं वहीत लिहिलं की नंतर वर चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगता येतं. हे नक्की करा, नाहीतर आतलं ठिकाण आणि वरचं ठिकाण जुळवण्यात अर्धा दिवस जातो, आणि वर चढलेला माणूस तेवढी चांगली कौलं पायाखाली फोडतो ते वेगळंच.

हत्यारं: जाडजूड स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी, हेड टॉर्च, खडू, वही. प्रत्येक वाशाला तीन जागी टोचायचं. भिंतीवर टेकतो तिथे, मधे, आणि आढ्याजवळ. चांगल्या ऐनात स्क्रूड्रायव्हरचं टोक जेमतेम रुततं. वासा ६, ७, ८, ९ आणि ११ ला भिंतीजवळ टोक दोन इंच आत गेलं, आणि बाहेर काढलं तर टोकाला ओला काळा चोथा. एप्रिलमध्ये, सहा महिने पाऊस नसताना, ओला! ह्या एका गोष्टीने मला रात्री झोप लागली नाही.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दोन खांबांवर सापडल्या, त्या जमिनीतून वर आल्यात. भुसा मात्र वाळवीचा नव्हे, तो पोरकिड्याचा, वाशाला टाचणीएवढी भोकं आहेत आणि त्यातून पावडर गळते. दोन्हीचे उपाय वेगळे म्हणून आधी कोण कुठे आहे ते लिहून ठेवलं.

पडवीवर प्लास्टिक नाही, तिथे खालून बांधणीच्या तारा दिसतात. मंगलोरी कौलाला खालच्या बाजूला जो उंचवटा असतो, त्यात एक भोक असतं, त्यातून तार ओवून रिपेला पिळायची असते, वाऱ्याने कौल उचललं जाऊ नये म्हणून. २०२० नंतर सगळ्या तारा जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, बांधल्यात. हात लावला तर बोटात तांबडी पूड आली. खाऱ्या वाऱ्यात पाच वर्षं पण टिकल्या नाहीत. म्हणजे वळचणीची कौलं आत्ता नुसत्या वजनावर बसलीत, पुढचं वादळ आलं तर पुन्हा २०२०.

१९ एप्रिल

सुतारमामा आले. त्यांचे वडील ह्याच घराच्या शाकारणीला यायचे, त्यामुळे त्यांना घर माहीत. शिडी पाख्याला टेकवून, आढ्यावरून पलीकडच्या फणसाला दोर बांधून, तो कमरेला. कौलांवर पाय ठेवायचा तर जिथे दोन कौलं एकमेकांवर चढतात तिथे आणि खाली वासा असेल तिथेच, शक्यतो आडवी फळी टाकून तिच्यावर. अनवाणी. सकाळी दव सुकल्यावर, दहानंतर. शेवाळलेल्या कौलावर दव असताना चढणं म्हणजे आपण होऊन पडायला जाणं.

वासा ७ च्या वर ओळ ३ ते ६ मधली कौलं उचलली. खाली जे दिसलं ते नीट लिहिते कारण गावात अशी छपरं खूप झालीत.

प्लास्टिक वाशांवर अंथरलंय आणि त्याच्यावरून आडव्या रिपा खिळ्यांनी ठोकल्यात. कौलाच्या फटीतून थोडंफार पाणी आत येतंच, जुन्या पद्धतीत ते कौलाच्या पोटाला धरून वाहतं किंवा वाऱ्याने वाळतं. इथे ते प्लास्टिकवर पडून खाली निघतं आणि पहिल्याच आडव्या रिपेला अडतं. प्रत्येक रिपेच्या वरच्या अंगाला माती, पानं, शेवाळ अडकून बोटभर जाड थर झालाय आणि तो थर सहा महिने ओला राहतो. रीप तिथे खालून कुजलीय. आणि रिपेचा खिळा प्लास्टिकला भोक पाडूनच वाशात गेलाय ना, त्या भोकातून अडलेलं पाणी खिळ्याच्या अंगाने थेट वाशाच्या पोटात. खिळा गंजून दुप्पट फुगलाय, त्याच्याभोवती लाकूड काळं, वाशाला उभी चीर. रीप हाताने ओढली तर खिळ्यासकट निघून आली.

सुतारमामा एवढंच म्हणाले, "ताई, पाणी खाली पडत व्हतं तवा बरं व्हतं, दिसत तरी व्हतं."

तेच. थेंब खाली येत नव्हता कारण तो लाकडात मुरत होता. प्लास्टिक घालायचंच असेल तर आधी वाशाच्या लांबीने उभ्या पट्ट्या मारून त्यावर आडव्या रिपा हव्यात, म्हणजे पाण्याला रिपेखालून वाट मिळते. ह्या कामात त्या पट्ट्याच नव्हत्या. घाईत ते कोणी बघितलं नाही.

उचललेली कौलं परत ठेवली, वर ताडपत्रीचा तुकडा.

२० एप्रिल

कौलांची तपासणी. शेवाळ खरवडून प्रत्येक कौल एका हातावर तोलून हातोडीच्या दांड्याने टिचकी मारायची. चांगलं कौल खणखणीत वाजतं, चीर गेलेलं बद्द. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते.

बद्द वाजणारी बाजूला काढली तरी एक शंका होती की जुनी कौलं पाणी पितात का. म्हणून वेगवेगळ्या ओळींतली काही कौलं दोन दिवस उन्हात वाळवून वजन करून, रात्रभर हौदात बुडवून, सकाळी पुसून पुन्हा वजन. कोरडं साधारण अडीच किलोच्या आसपास. चांगली तीनशे ग्रॅमच्या आत वाढली. मागच्या पाख्यावरची, म्हणजे आंब्याच्या सावलीतली, पाचशेच्या वर. ती पावसात फुगून जड होतात, वाशावर वजन वाढतं आणि त्यांचं पोट कधी सुकत नाही. ती काढायची ठरवली. ही परीक्षा करायला काटा शेजारच्या आंब्याच्या पॅकिंगवाल्यांकडून आणला.

वांदरांनी फोडलेली वेगळी मोजली नाहीत, पण आढ्याजवळच्या दोन ओळींत जास्तीत जास्त फूट त्यांचीच आहे, आंब्यावरून उडी मारून तिथेच उतरतात. ती फांदी छाटायची.

२६ एप्रिल

पर्याय तपासले. एका फॅब्रिकेटरने सगळं उतरवून लोखंडी ट्यूब आणि रंगीत पत्रा मारायचे साडेचार लाख सांगितले. वाडीत अशी दोन छपरं २०२१ सालची आहेत, तिथे जाऊन बघितलं. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर गंज आलाय आणि पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकाच्या भोवती पत्र्याला तांबडी कडी. मालकिणीने सांगितलं की मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही आणि पावसात टीव्ही ऐकू येत नाही. पत्र्याला माझा सरसकट विरोध नाही, गोठ्याला, मागच्या खोपीला मारलाच आहे. पण समुद्राजवळ लोखंडाला दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतो, तो खर्च त्या साडेचार लाखांत कोणी धरत नाही. ह्या घराला चार पिढ्या कौलांनी सांभाळलंय, कौलंच राहणार.

ठरलं असं: प्लास्टिक पूर्ण काढायचं, कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या, चांगली कौलं परत, नवी तार, आढ्यावर कोन्यांची नवी ओळ.

१ मे

कामाला माणूस नाही. आंबा काढणी भरात आहे, सगळे गडी झाडावर नाहीतर पेट्या भरायला, आणि त्यांना मजुरीही तिथे जास्त मिळते. कौलांचं काम करायचं असेल तर माणसं फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवावी लागतात. सुतारमामा ₹१,२०० रोज, हाताखाली एक गडी ₹७०० रोज, सुरुवात १२ मे नंतर. मिरगाला, म्हणजे ७ जूनला, तीन आठवडे वर हातात आहेत असा हिशोब केला.

३ मे

नवी कौलं आली आणि परत गेली. नमुन्याला आमचं एक कौल दुकानात नेऊन, शेजारी ठेवून, दोन्ही एकमेकांत बसवून बघून ऑर्डर दिली होती. टेम्पोतून जी उतरली ती दुसऱ्याच साच्याची. लांबी सारखी पण बाजूची खोबण अर्ध्या सुताने बारीक, जुन्याच्या शेजारी ठेवलं की एक कोपरा उचललेला राहतो. दुकानदाराचं म्हणणं, "सगळी मंगलोरीच आहेत, बसतील." बसत नाहीत. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, आणि तो उचललेला कोपरा म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्याला उघडलेलं दार. टेम्पोभाडं ₹३,००० पाण्यात, आठवडा गेला.

म्हणून नियम: गाडीतून पहिली चार कौलं उतरवून आपल्या कौलांत अडकवून बघा, मगच बाकी उतरवू द्या.

१० मे

जुनी कौलं मिळाली. पलीकडच्या गावात एक घर पाडून स्लॅबचं होतंय, त्यांची कौलं आमच्याच कारखान्याची, पाठीवरचा शिक्का सारखा. हल्ली कोकणात कौलारू घरं पाडली जातायत त्यामुळे जुनी कौलं मिळतात, फक्त विचारत फिरावं लागतं. ₹१२ ला एक, ४५० घेतली, म्हणजे ₹५,४००, टेम्पो ₹२,५००. तिथेच उभं राहून एकूण एक कौल वाजवून घेतलं. त्या घरच्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या, म्हणाल्या नीट न्या गो, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहेत.

कोने मात्र नवेच घ्यावे लागले, २६ नग, ₹५५ प्रमाणे. कोन्यांना खोबण नसते त्यामुळे साच्याचा प्रश्न येत नाही.

१४ मे

पुढचं पाखं उघडलं. एका वेळी तीन वाशांच्या रुंदीएवढंच उघडायचं आणि संध्याकाळी झाकायचं असं ठरवलंय, वेळ जातो पण छप्पर पूर्ण उघडं कधीच राहत नाही.

वासा ७ आणि ८ पूर्ण बदलले. ६, ९, ११ फक्त भिंतीजवळ कुजलेत, तिथे कुजका भाग कापून बाजूला चार फुटी नवा तुकडा लावून बोल्टने आवळला. बोल्ट आणि खिळे हर्णै बंदरावरून, होड्यांचं सामान विकणाऱ्यांकडून आणले. सगळ्या नव्या लाकडाला, आणि विशेष करून कापलेल्या टोकांना, काजूच्या टरफलाचं तेल डिझेलमध्ये पातळ करून दोन हात. हातमोजे घालूनच लावा, कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. पोरकिड्याच्या भोकांत तेच इंजेक्शनच्या सिरिंजने भरलं. वाळवीच्या नळ्या खरवडून खांबाच्या बुंध्याला औषध वेगळं मारलं.

रिपांचं अंतर पुस्तकातलं घेऊ नये. सहा कौलं अंगणात एकमेकांत अडकवून पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून सहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत, आधी पूर्ण ताणून आणि मग पूर्ण दाबून मोजली, दोन्हीची सरासरी काढून पाचाने भागली. आमचं साडेबारा इंच आलं. ठेकेदाराच्या रिपा तेरावर होत्या, म्हणजे प्रत्येक कौल जेमतेम अडकलेलं. पाखं दबलेलं दिसत होतं ते वाशामुळे आणि कौलं सरकत होती ती ह्या अर्ध्या इंचामुळे.

२० मे

दुपारपासून पाऊस. वळवाचा नव्हे, पावसाळ्यासारखा, थांबायचं नाव नाही. पुढचं पाखं झालंय पण कोने बसायचेत, मागचं पाखं निम्मं उघडं. २४ बाय ३० फुटी ताडपत्री (₹३,८००) टाकली, कडेच्या रिंगांना दोर बांधून खांबांना ओढली. रात्री वाऱ्याने दोन रिंगा फाटल्या, ताडपत्री फडफडायला लागली आणि पाणी स्वयंपाकघरात. आई, मी आणि शेजारचे काका, तिघांनी मिळून तांदळाची पिंपं पुढच्या ओटीवर सरकवली.

२१ मे

ताडपत्रीसाठी जे चाललं ते असं. दोन्ही आडव्या कडा एकेका बांबूवर तीन वेढे गुंडाळून वरून सुतळीने शिवल्या. रिंगांवर भार नाहीच. मग वाळूची अर्धी-अर्धी भरलेली पोती दोराच्या दोन टोकांना बांधून दोर आढ्यावरून टाकला, एक पोतं पुढे लटकतं, एक मागे. असे चार दोर. ताडपत्री दाबून राहते, कुठेही खिळा नाही, आणि काम करताना एक दोर सरकवून तेवढाच भाग उघडता येतो. हलली नाही.

२४ मे, शनिवार

समुद्रातला कमी दाबाचा पट्टा वाढून डिप्रेशन झालं आणि आज दुपारच्या सुमारास रत्नागिरी-दापोलीच्या मधेच किनाऱ्यावर चढलं. म्हणजे आमच्या दारातच. सकाळपासून लाइट नाही. आम्ही छपराखाली टॉर्च घेऊन बसलो आणि नंबर घातलेल्या वाशांप्रमाणे कुठे पाणी येतंय ते लिहीत राहिलो. पुढच्या पाख्यावर जिथे नवी तार ओढून झालीय तिथे एकही कौल हललं नाही. मागच्या बाजूला, जिथे जुनी गंजलेली तार अजून होती, वळचणीची सात कौलं उचलून अंगणात पडली. त्याच वाऱ्यात, त्याच घरावर, एकीकडे तार आणि एकीकडे नाही, ह्याहून स्पष्ट उत्तर मला नको होतं.

२६ मे

मान्सून आला असं जाहीर झालं, मुंबईपर्यंत पोचला सुद्धा. मिरगाच्या भरवशावरचा हिशोब मोडला. आता उघडीप मिळेल तसं काम. गडी आला तरी पाऊस असेल तर रोज बुडतो, त्याला अर्धा रोज दिला, त्याची काय चूक.

१ जून

दोन दिवस उघडीप मिळाली, मागचं पाखं पुरं झालं. तार स्टेनलेस स्टीलची, ३०४ जातीची, ₹४५० किलो, तीन किलो लागली. ३१६ जातीची खाऱ्या हवेला जास्त चांगली पण इथे मिळाली नाही, ३०४ वर तांबूस डाग येतील पण ती जीआयसारखी तुटून पडत नाही. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या टोकाच्या दोन-दोन उभ्या ओळी आणि आढ्यालगतची ओळ ह्यातलं प्रत्येक कौल बांधलं. मधल्या भागात दर तिसरं. सगळं छप्पर बांधायची गरज नाही, वारा कडेनेच उचलतो, निसर्गच्या वेळचे फोटो बघितले तर तिथूनच सुरुवात झालेली दिसते.

कोन्यांच्या खाली आधी नुसतं सिमेंट-वाळू ठासून भरलं होतं, त्याला चिरा गेल्या होत्या आणि चिरेतून पाणी आत येऊन त्या भरीव सिमेंटमध्येच साठत होतं. आता सिमेंट १, चुना १, वाळू ६ असा माल, आणि तो फक्त कोन्याच्या दोन कडांखाली, मधे पोकळ. चुन्यामुळे माल थोडा लवचीक राहतो, कौलं उन्हात-पावसात हलतात ते सहन करतो. वरून ओली पोती तीन दिवस, पावसाने ते कामही केलं.

७ जून

उघडीप बघून पाइपने पाणी मारून तपासलं. खालच्या ओळीपासून सुरू करून एकेक ओळ वर, प्रत्येक ओळीला पाच मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि गळती कुठली ते कळत नाही. पूर्ण कोरडं. काचेच्या दोन कौलांपैकी एक मात्र शेजारच्यापेक्षा पातळ आहे, त्याची खोबण नीट बसत नव्हती, ते काढून तिथे साधं कौल टाकलं, आईला स्वयंपाकघरात उजेड एका काचेचा पुरतो म्हणाली.

१५ जून

पाइपने कोरडं आलेलं घर खऱ्या पावसात गळलं. नैऋत्येचा वारा सुटला की पाऊस आडवा येतो, आणि पाइपचं पाणी आपण वरून खाली मारत होतो. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीला कौलं जिथे टेकतात तिथून पाणी भिंतीवर ओघळतंय, ओळ ९ ते ११. पाऊस थांबल्यावर त्याच बाजूने शिडीवर उभं राहून पाइपचा फवारा कौलांच्या बाजूने, जवळजवळ आडवा मारला तर दोन मिनिटांत तोच ओघळ. तपासणी अशीच करायला हवी, तुमच्याकडे वारा जिकडून येतो तिकडून आडवं पाणी.

तात्पुरता उपाय म्हणून त्या कडेवरून माडाची झापं दोन थर बांधलीत. जुन्या घरांना पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यात झापं लावायचेच, त्याने पावसाचा मारा तुटतो. गळती तीन चतुर्थांश कमी.

खर्चाची बेरीज आजपर्यंत: लाकूड ₹३८,०००, मजुरी ₹४६,०००, कौलं आणि त्यांचा टेम्पो ₹७,९००, कोने ₹१,४३०, तार ₹१,३५०, ताडपत्री ₹३,८००, फुकट गेलेला टेम्पो ₹३,०००. एकूण ₹१,०१,४८०. तेल, बोल्ट-खिळे आणि चुना ह्यात नाहीत, त्याची बिलं एकत्र केली नाहीत.

१९ जुलै

भर पावसात तपासणी. माळ्यावर टॉर्च घेऊन सगळ्या नंबरांना हात लावून फिरले. वासे दमट आहेत, ओले नाहीत. ७ आणि ८ ला स्क्रूड्रायव्हर टेकवला, रुतत नाही. कुबट वास गेलाय, आता धुराचा आणि काजूच्या तेलाचा येतो. ओळ ५ मध्ये, वासा १० जवळ, एका कौलाच्या पोटाला थेंब धरून होता आणि मी बघत असताना तो कौलाच्याच अंगाने सरकत खालच्या कौलाच्या पन्हळीत उतरला, रिपेला शिवला नाही. भुसा दोन जागी अजून पडतोय, वासा ३ आणि १२, तिथे सिरिंजने पुन्हा तेल भरायचंय.

पिंपाच्या झाकणावर काही नाही.

पश्चिमेच्या कडेचं काम राहिलंय. तिथे कौलांच्या टोकाला लाकडी फळी उभी मारून वरून पत्र्याची घडी बसवायची आणि भिंतीच्या बाजूला चुन्याचा उतार करायचा असं सुतारमामांचं म्हणणं आहे. पावसाने चिंब भिजलेल्या भिंतीवर चुना धरत नाही म्हणून ते आता होणार नाही. दिवाळीनंतर सगळेच सुतार बागायतीच्या कुंपणात अडकतात, त्यामुळे त्यांना नोव्हेंबरचा पहिला आठवडा आत्ताच सांगून ठेवलाय आणि फळीसाठीचं लाकूड मागच्या पडवीत उभं करून तेल लावून ठेवलंय.